चौदा मेमो

"या रांगा आखल्या कोणी?" मोजणीदाराने विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच हसून घेतलं.

त्याने दफनभूमीच्या एका टोकाला खुंटी ठोकून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली होती. पहिल्या सहा कबरी दोरीला धरून होत्या. सातवी दोन हात डावीकडे सरकलेली, आठवी त्याहून पुढे, नववी पुन्हा शहाण्यासारखी दोरीवर. पुढची रांग बघून तर त्याने दोरी गुंडाळायलाच घेतली.

"मी," बाबा म्हणाले. "या खालच्या चार रांगा माझ्या. त्यावरच्या तीन माझ्या वडिलांच्या. अगदी वरच्या आजोबांच्या."

"तिघांच्याही डोळ्यांत दोष होता की काय? घराणंच तिरपं दिसतंय."

बाबांनी फावड्याला लागलेली माती खरवडून काढली. मी त्यांचा डबा घेऊन तिथेच उभी होते. तोंडात चांगलं खणखणीत उत्तर तयार होतं, पण बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं. मी पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर लोकांशी भांडायचं आणि वर पगार घ्यायचा, असं माझा नवरा माझ्या नोकरीचं वर्णन करतो. गप्प बसणं आमच्या घरात फक्त बाबांना जमतं, आणि त्यांना ते फारच जमतं.

अडतीस वर्षं बाबा मिशनच्या दफनभूमीत कबरी खणत होते. नावाला कबरी, खरं तर मिशनच्या आवारात जमिनीखाली जे काही घालायचं ते बाबांनीच घालायचं. कुंपणाचे खांब, शाळेच्या संडासाची टाकी, पाण्याची लाइन, एका फादरांचं मेलेलं कुत्रं. माणूस इतका टापटिपीचा की पाव कापला तरी फूटपट्टी लावून कापल्यासारखा. सदऱ्याची घडी अशी की उलगडायचा जीव होऊ नये. फक्त कबरी तेवढ्या तिरप्या. शहरातून नवे फादर आले की पहिल्या महिन्यात आवारात फेरी मारायचे, रांगा बघून कपाळाला हात लावायचे आणि बाबांना मेमो द्यायचे. ‘आठव्या रांगेतील सातवी कबर ओळीपासून दोन फूट सरकलेली आहे. पुन्हा असे आढळल्यास कारवाई करण्यात येईल.’ खाली तारीख, सही, शिक्का. असे चौदा मेमो बाबांनी जमवले होते. शाळेतली मुलं त्यांना तिरपेकाका म्हणायची, आणि मीही त्याच शाळेत होते.

सगळ्यांत तिरपी कबर माझ्या आईची. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बाबांनी तिला रांगेतून इतकं बाहेर ढकललं की ती जवळजवळ पायवाटेवर आली. येणाराजाणारा तिच्या दगडाला घासून जातो. वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "तुझ्या आईला रांगेबाहेर का काढलंय गं? तिने काय केलं होतं?" मी तिच्या झिंज्या उपटल्या आणि घरी येऊन महिनाभर बाबांशी बोलले नाही. पुढे बोलायला लागले, नोकरी लागली, लग्न झालं, पण तो राग काही गेला नाही. दर वर्षी आईच्या कबरीवर फुलं ठेवताना मनात तेच यायचं: बाकी सगळ्यांचं जाऊ दे, हिच्यासाठी तरी नीट खणायचं होतं.

मोजणी चालली होती ती विक्रीसाठी. वर टेकडीवर दफनभूमी, तिच्याखाली शाळा आणि शाळेपासून नदीपर्यंत मोठं मैदान, हे सगळं मिशनच्या नावावर. मिशनच्या मुख्य कार्यालयाला आता खालचं मैदान एका हॉटेल कंपनीला विकायचं होतं. आमचे लोक म्हणत होते, विकणारे तुम्ही कोण? मिशन यायच्या कितीतरी आधीपासून या टेकडीवर आणि नदीकाठी आम्हीच राहत होतो. मग एक दिवस सरकारने एका कागदावर ‘निर्जन माळ’ असं लिहिलं आणि तो माळ मिशनला देऊन टाकला. त्या निर्जन माळावर तेव्हा आमची साठ घरं होती. ती उठवून नदीपलीकडे नेली. पुढे आम्ही मिशनच्याच शाळेत शिकलो, मिशनच्याच चर्चमध्ये लग्नं लावली, मिशनच्याच नोकऱ्या केल्या. फादर लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. काही तर फार चांगले होते. पण चांगल्या माणसाने कपाटात जपून ठेवला म्हणून खोटा कागद खरा होत नाही, आणि हे मी कुठल्याही फादरांना तोंडावर सांगेन.

आमचा दावा जमीन आयोगापुढे लागला होता. अडचण पुराव्याची होती. आमचे जुने लोक कबरीवर दगड ठेवत नसत, नाव लिहीत नसत. माणूस जमिनीला दिला की दिला. त्यामुळे आमच्याकडे दाखवायला म्हाताऱ्यांच्या आठवणी होत्या आणि त्यांच्यावर शिक्का नव्हता.

आमच्या बाजूने एक वकीलबाई लढत होत्या. रविवारी दुपारी त्या बाबांच्या खोलीवर आल्या. ही खोली मिशनच्या आवारातली, बाबांना नोकरीबरोबर मिळालेली. माझा जन्म तिथलाच. मिशनच्या मालमत्ता-अधिकाऱ्याने आयोगाला जे लेखी उत्तर दिलं होतं ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं.

"‘मिशनच्या आगमनापूर्वी सदर जागेत एकाही व्यक्तीचे दफन झाल्याचा पुरावा उपलब्ध नाही.’ हे एक वाक्य आपल्याला नडणार आहे," त्या म्हणाल्या.

बाबा दाराजवळ बसून फावड्याला कानस मारत होते. कानस थांबली.

"परत वाचा."

वकीलबाईंनी परत वाचलं.

"खोटं आहे."

"ते मलाही माहीत आहे, काका, पण..."

"तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे." बाबा उठले, पलंगाखालचा पत्र्याचा डबा ओढला आणि मेमोंचा गठ्ठा काढून वकीलबाईंच्या मांडीवर ठेवला. "हे बघा. प्रत्येकात रांग लिहिलीय, नंबर लिहिलाय, तारीख आहे. मी जिथे जिथे सरकलोय, तिथे तिथे खाली आधीच कोणीतरी होतं."

वकीलबाई एकदा कागदांकडे आणि एकदा बाबांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे काय, बाबा?" मीच विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? कमरेएवढं खणलं की फावड्याला कळतं. एकदा उकरलेली माती मऊ लागते, रंगही मिसळलेला असतो. कधीच न उकरलेली निराळी. मऊ लागली की मी फावडं बाजूला ठेवून हाताने बघतो. कोणी असलं तर माफी मागायची, माती परत घालायची आणि बाजूला नवा खड्डा घ्यायचा. वडिलांनी तसंच शिकवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी."

"आणि अडतीस वर्षांत तुम्ही हे कोणाजवळ बोलला नाहीत?" वकीलबाईंचा आवाज चिरकला.

"बोलायचं नाही असंच शिकवलं होतं."

मग बाबांनी जे सांगितलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या पणजोबांना पहिल्यांदा असं कोणी लागलं तेव्हा ते धावत जाऊन तेव्हाच्या फादरांना सांगून आले. भाबडा माणूस. त्यांना वाटलं, फादर येऊन प्रार्थना म्हणतील. फादरांना आनंद झाला. त्यांनी शहरातून माणसं बोलावली, आजूबाजूला आणखी खणलं आणि अकरा जणांना पेट्यांत भरून संग्रहालयात पाठवून दिलं. पेट्या उचलून गाडीत ठेवायचं काम पणजोबांनाच करावं लागलं. तेव्हापासून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं आणि रांग वाकवायला सुरुवात केली. मुलाच्या हातात फावडं देताना सांगितलं, शिव्या खा, पण कोणाला सांगू नको.

"तीन पिढ्या मुकाट्याने शिव्या खाल्ल्या आम्ही," बाबा म्हणाले. "आणि आता हा म्हणतो, इथे कोणी नव्हतंच."

आवाज जराही चढला नव्हता. पण बाबांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मानेची शीर ताठ झाली होती.

"आयोगापुढे सांगाल?" वकीलबाईंनी विचारलं.

"सांगेन. पण ते म्हणतील, खणून दाखव. ते मी होऊ देणार नाही. तेव्हा काय करायचं ते तुम्ही आधी ठरवून ठेवा."

मला आईच्या कबरीबद्दल विचारायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण परक्या बाईसमोर विचारवेना, आणि खरं सांगायचं तर मला उत्तराची भीती वाटली. पंचवीस वर्षं सांभाळलेला राग कोणी असा भर दुपारी काढून घेतला तर माणसाने करायचं काय? मी उठून कपबशा विसळत बसले.

ही बातमी मिशनच्या ऑफिसात पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. बुधवारी मालमत्ता-अधिकारी स्वतः खोलीवर आला, बरोबर फादर. अधिकारी मुख्य कार्यालयातला, वकिली शिकलेला, बूट असे चकचकीत की त्यांत बघून भांग पाडावा. फादर तरुण होते, दोन वर्षांपूर्वी आलेले. चौदावा मेमो त्यांचाच.

"बस, बस," अधिकारी बाबांना म्हणाला. बाबांच्याच खोलीत. "हे बघ, तुझं आता वय झालं. मिशन काही तुला वाऱ्यावर सोडणार नाही. ही खोली तुझ्याकडे हयातभर राहील, मी तसं लिहून देतो. तू फक्त त्या भानगडीत पडू नकोस."

"आणि पडलो तर?"

"तर काय? खोली मिशनच्या नोकरांसाठी असते. मिशनच्या विरुद्ध साक्ष देणारा मिशनचा नोकर कसा राहील, तूच सांग."

बाबांनी खोलीभर एकदा नजर फिरवली. फिरवायला फार काही नव्हतं. पलंग, कपाट, आईचं शिवणयंत्र.

"खरंय," ते म्हणाले. "खोली तुमचीच आहे. आठ दिवसांत रिकामी करतो. खिडकीची एक काच तडकलीय, तेवढी बदलून देतो."

"अरे, मी तसं कुठे म्हणतोय?"

"मी म्हणतोय ना. मला साक्ष द्यायचीय."

अधिकारी माझ्याकडे वळला. "तुम्ही तर शिकलेल्या दिसता. जरा समजावा त्यांना."

"मला काचेचं माप घ्यायचंय," मी म्हटलं. "जरा सरकता का तिकडे?"

तो तणतणत बाहेर पडला. फादर दारात रेंगाळले. तो पुरेसा लांब गेल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "सगळ्या मेमोंच्या नकला ऑफिसात आहेत. तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या वेळच्यासुद्धा. आयोगाने मागवल्या तर मला द्याव्याच लागतील." मग त्यांचे कान लाल झाले. "चौदावा मी द्यायला नको होता."

"अक्षर छान होतं तुमचं," बाबा म्हणाले.

आठव्या दिवशी बाबा आमच्याकडे राहायला आले. काच बदलून.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. एका बाजूला आमचे लोक, दुसऱ्या बाजूला मिशनचे, मध्ये आयोगाचे अध्यक्ष, पिकल्या केसांचे गृहस्थ. आयोगाने नकला मागवल्या होत्या आणि फादरांनी त्या एकही कमी न करता दिल्या होत्या. वकीलबाईंनी दफनभूमीचा मोठा नकाशा भिंतीवर लावला. मेमो मिळालेली प्रत्येक कबर लाल.

"हे बघा, साहेब. यांच्या आजोबांच्या शेवटच्या रांगेतली ही कबर या जागेला चुकवून वर गेली. मेमो मिळाला. वीस वर्षांनी वडिलांच्या पहिल्या रांगेतली ही कबर त्याच जागेला चुकवून खाली आली. पुन्हा मेमो. मध्ये ही एवढी जागा मोकळी. अशा तेवीस मोकळ्या जागा आहेत, आणि कागद सगळे मिशनचे आहेत."

अधिकारी उभा राहिला. "साहेब, यांतल्या एका मेमोत ‘मद्यपान करून काम केल्याचे दिसते’ असा स्पष्ट उल्लेख आहे. दारूच्या नशेत खणलेल्या खड्ड्यांना पुरावा म्हणायचं का?"

"तुम्ही पिता?" अध्यक्षांनी बाबांना विचारलं.

"नाही, साहेब."

"मग मेमोला तसं उत्तर का दिलं नाहीत?"

"उत्तर द्यायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि पीत होतो असंच धरा. तीन पिढ्यांचे दारुडे एकाच जागी कसे अडखळतील?"

आमच्या बाजूला हशा पिकला. अधिकाऱ्याच्या तो वर्मी लागला असावा, कारण त्याने फाइल उघडून बोट ठेवलं आणि आवाज चढवला.

"सगळ्यांत वेडीवाकडी कबर यांच्या स्वतःच्या बायकोची आहे, साहेब. चक्क पायवाटेवर! निदान त्या दिवशी तरी याने शुद्धीवर असायला हवं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अर्धी उठले आणि तशीच राहिले. मी पंचवीस वर्षं मनात जे म्हणत आले होते, तेच हा माणूस भर सभेत म्हणत होता.

बाबा अध्यक्षांकडे वळले.

"त्या दिवशी मी तीनदा खणलं," ते म्हणाले. "पहिल्यांदा रांगेत. तिथे एक बाई होती. कुशीत मूल होतं, एवढंसं. मी माती परत घातली. बाजूला सरकलो, तर तिथे एक म्हातारं माणूस, तोंडात एकही दात नाही. तेही बुजवलं. मग पायवाटेजवळ जागा मिळाली. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती तेव्हापासून माझ्यावर रागावलीय, मला माहीत आहे. पण त्या बाईला मुलासकट उठवून मी माझ्या बायकोला तिथे झोपवलं असतं, तर मी मेल्यावर तिने मला दारात उभं केलं नसतं."

मी खाली बसले आणि रडले. लपूनछपून नाही, चांगलं आवाज करून रडले. शेजारच्या बाईने रुमाल दिला तो भिजवून टाकला. बाबांना माहीत होतं. एवढी वर्षं त्यांना माहीत होतं, आणि मी राग धरला तर त्यांनी तो धरू दिला, कारण मला कारण सांगितलं असतं तर मी अकरा वर्षांची पोर शाळेत जाऊन ते सगळ्यांना सांगून आले असते. नक्कीच सांगून आले असते.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "तुमच्या बोलण्यात तथ्य दिसतं. पण आयोगाला खात्री करून घ्यावी लागेल. दोन-तीन ठिकाणी खणून पाहिलं, तर प्रश्नच मिटेल."

"आमची हरकत नाही," अधिकारी म्हणाला.

"मग माझी साक्ष खोडा," बाबा म्हणाले.

"काय?"

"मी काही बोललोच नाही असं लिहा. खणायचं असेल तर माझी साक्ष नको."

सभागृहात गलका झाला, आणि तो आमच्याच बाजूने. आमच्या समितीचे प्रमुख, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, मागून ओरडले, "अरे, वेडा झालास का तू? दावा जाईल सगळा! पोराबाळांची जमीन जाईल!"

बाबा त्यांच्याकडे वळले. "जाऊ दे. अकरा पेट्या एकदा उचलून दिल्या आपण. आता बाराव्या पेटीला मी हात लावणार नाही, आणि कोणाला लावू देणार नाही. त्यांना उकरून मिळालेली जमीन तू घे. मला नको."

समितीप्रमुख खाली बसले. मला क्षणभर बाबांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की हा माणूस माझा बाप आहे हे या भिंतींना ओरडून सांगावं.

वकीलबाईंनी मात्र तयारी करून ठेवली होती. "साहेब, जमिनीवरून फिरवायचं एक यंत्र असतं. खालची माती कुठे उकरलेली आहे ते त्याच्या पडद्यावर दिसतं. फावडं लावायची गरज नाही."

"चालेल?" अध्यक्षांनी बाबांना विचारलं. आयोगाच्या अध्यक्षाने कबर खणणाऱ्याला विचारलं, हे मी मुद्दाम सांगते आहे.

"खाली काही घालणार नाही ना?"

"नाही. नुसतं वरून."

"मग चालेल. मी जागा दाखवतो. तुम्ही फिरवा."

अधिकाऱ्याने शेवटचा डाव टाकला. "दफनभूमी आम्ही विकतच नाही, साहेब. विक्री आहे खालच्या मैदानाची. तिथे कुठे आहेत तिरप्या रांगा?"

"तिथे पाण्याची लाइन आहे," बाबा म्हणाले. "खड्डा मीच घेतला. सपाट मैदान, शाळेपर्यंत नाकासमोर जायचं, आणि त्यात वळणाचे सतरा एल्बो आहेत. प्लंबरने मला नाही नाही त्या शिव्या दिल्या. नकाशा तुमच्याच ऑफिसात असेल."

अधिकारी फाइल चाळायला लागला. नकाशा त्याला सापडला असावा, कारण त्याचा चेहरा पडला आणि त्याने फाइल मिटली.

पाहणीच्या दिवशी सकाळीच बाबा एक बादली घेऊन हजर होते. शाळेचं मैदान आखायची पांढरी फक्की तिच्यात काठोकाठ भरलेली. यंत्र म्हणजे गवत कापायच्या गाडीसारखी चार चाकांची गाडी, दांड्यावर छोटा पडदा. ते चालवणारा माणूस आयोगाने आणला होता. आधी सगळे वर दफनभूमीत गेले. बाबा दोन कबरींच्या मधल्या मोकळ्या जागेत वाकले आणि मूठभर फक्की टाकून बाजूला झाले. यंत्र त्यावरून गेलं.

"आहे," यंत्रवाला म्हणाला.

दुसरी मूठ. "आहे." तिसरी. "आहे." पहिल्या चार-पाच वेळा तो पडदा बघून संशयाने बाबांकडे बघत होता. दहाव्या वेळी त्याने डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली.

आईच्या रांगेत आलो. बाबांनी रांगेतल्या रिकाम्या जागी एक मूठ फक्की टाकली, आणि तिला लागून चिमूटभर आणखी. त्या चिमटीकडे बघून मला राहवलं नाही.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हटलं. "इतकी वर्षं."

"बादली धर जरा," बाबा म्हणाले. "हात भरून आलाय."

मी बादली धरली. नंतर मैदानात उतरेपर्यंत त्यांनी ती परत मागितली नाही.

मैदानात ते पाण्याच्या लाइनीवरून चालत गेले. लाइन जिथे वळे तिथे थांबायचं, एक मूठ टाकायची, पुढे जायचं. यंत्र मागोमाग. पाचव्या मुठीनंतर अध्यक्षांनी आपल्या लेखनिकाला जवळ बोलावलं. "लिहा. मैदानाच्या विक्रीला पुढील आदेशापर्यंत स्थगिती. आजच्या तारखेने."

समितीप्रमुख मटकन गवतात बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वकीलबाईंनी मला मिठी मारली. अधिकारी घड्याळ बघत पुढे आला.

"मिळाली ना स्थगिती? आता आटपू या. ऊन वाढलंय."

"स्थगिती तुमच्या कागदाला मिळाली," बाबा म्हणाले. "माझे लोक अजून राहिलेत."

त्यांनी माझ्या हातातून बादली घेतली आणि फाटकाच्या दिशेने निघाले. फाटकाच्या आत गवतावर अधिकाऱ्याची लांबलचक काळी गाडी उभी होती. बाबा तिच्यासमोर जाऊन थांबले.

"गाडी काढा."

"का? लाइन तर तिकडे राहिली."

"फाटकाचे खांब मीच रोवले. पहिल्यांदा खणलं होतं ते इथे. मग तिकडे सरकलो."

"अहो, एक जागा सुटली तर काय बिघडणार आहे?"

बाबा तिथेच बादली घेऊन उभे राहिले. बादली जड होती. थोड्या वेळाने त्यांनी हात बदलला. अधिकाऱ्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष गाडीकडे बघत होते. त्याने फादरांकडे पाहिलं. फादर यंत्रवाल्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते. कोणी त्याच्या मदतीला येईना. ऊन खरोखरच वाढलं होतं, पण जागचं कोणी हललं नाही. शेवटी त्याने खिशातून किल्ली काढली, गाडीत बसला आणि ती पंधरा-वीस पावलं मागे घेतली.

चाकांखाली गवत चेपलं होतं. बाबा वाकले आणि तिथे एक मूठ टाकली. यंत्र फिरलं.

"आहे," यंत्रवाला म्हणाला. मग पडद्यावर वाकून बघत म्हणाला, "दोन आहेत."

बाबांनी दुसरी मूठ टाकली.

अधिकाऱ्याने गाडी बंद केली, दार उघडलं आणि एक पाय बाहेर काढला. तो चकचकीत बूट गवतापासून वीतभर वर तसाच थांबला. त्याने खाली पाहिलं, दाराला धरून पलीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"काका," तो म्हणाला, "इथे उतरलं तर चालेल का?"

"थांबा," बाबा म्हणाले. "बघून सांगतो." आणि बादली उचलून, जमिनीकडे बघत, त्याच्या गाडीकडे निघाले.